केमूनाच्या पाण्यात अर्धा दिवस

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात. मागच्या दारातून दहा पावलं टाकली की पाणी. वडील जहाजावर, चुलते जहाजावर. आजोबांच्या काळी तर गावातला निम्मा पुरुषवर्ग गलबतांवर तांडेल, नाहीतर खलाशी. एवढं असूनही वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत मला पोहता येत नव्हतं. गावातल्या एकाही बाईला येत नव्हतं.

मी पाचवीत असताना शेजारची माझ्याच वयाची एक मुलगी खाडीत तिसऱ्या काढायला गेली होती. ओहोटी संपून भरती कधी लागली ते तिला कळलं नाही. वाळूच्या उंचवट्यावर ती अडकली. काठावर सात-आठ बायका होत्या. सगळ्या ओरडत होत्या, पाण्यात कोणालाच उतरता येत नव्हतं. जेट्टीवरून पुरुष धावत आले तोवर उशीर झाला होता. त्या दिवसापासून अम्मांनी मला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. पुढे मीही माझ्या मुलीला जाऊ दिलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढची हकीकत सहलीची असली तरी माझ्यासाठी ती नुसती सहल नव्हती.

माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपासून माल्टात आहे, एका जहाज कंपनीच्या कचेरीत. माल्टा हा भूमध्य समुद्रातला, सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवरचा बेटांचा लहानसा देश. मोठं बेट माल्टा, दुसरं गोझो, आणि त्या दोघांच्या मधल्या खाडीत चिमुकलं कोमिनो. सगळं मिळून क्षेत्रफळ जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर. पण युरोपातल्या सर्वांत मोठ्या जहाज-नोंदण्यांत त्याची गणना होते, त्यामुळे दर्यावर्दी कोकणी माणूस तिथे पोहोचला यात नवल नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि नववीत शिकणारी माझी मुलगी, अशा दोघी भावाकडे गेलो. यांना रजा मिळाली नाही. भावाने आम्हाला दोन दिवसांसाठी गोझोला नेलं आणि रात्री जेवताना सहज सांगितलं, "आपा, उद्या सकाळी शिडाच्या बोटीने कोमिनोला जायचंय. तोंडाला मुखवटा आणि नळी लावून पाण्यात मासे बघायचे. बुकिंग झालंय."

मुलगी ताटावरून उठलीच. मी म्हटलं, "बोटीत बसू. पाण्यात कोणी उतरायचं नाही."

भाऊ काही बोलला नाही. भाभीने फक्त माझ्याकडे पाहिलं.

ओळखीचे शब्द

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला माल्टात एक वेगळीच गंमत वाटते. रस्त्यावरच्या पाट्या रोमन लिपीत, चर्चच्या घंटा चालू, आणि कानावर पडणारे शब्द अर्धे ओळखीचे. इ. स. ८७० मध्ये अरबांनी ही बेटं घेतली. १०९१ मध्ये नॉर्मन आले. पुढे तेराव्या शतकात इथला मुस्लिम समाज संपुष्टात आला, पण भाषा राहिली. आजची माल्टीज भाषा त्या अरबीतूनच वाढली. तिच्यावर इटालियनची मोठी छाप आहे, आणि युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांमध्ये अरबीच्या कुळातली ही एकच भाषा. समुद्राला ते 'बाहार' म्हणतात, माशाला 'हूत', सूर्याला 'शेम्श', पाण्याला 'इल्मा'. आपली 'बह्र', 'शम्स', 'मा' ही सारी मंडळी थोडा वेश बदलून समोर येतात. कोमिनोला तर ते 'केमूना' म्हणतात. अरबीत कम्मून म्हणजे जिरं. एकेकाळी तिथे जिऱ्याचं पीक होई, म्हणून हे नाव, असं सांगतात.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही गोझोच्या जुन्या किल्ल्यातलं पुरातत्त्व संग्रहालय पाहिलं होतं. तिथे संगमरवराची एक कोरीव शिळा आहे. मैमुना बिन्त हस्सान हिच्या कबरीची. तारीख १६ शाबान ५६९, म्हणजे मार्च ११७४. नॉर्मन राज्य येऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली होती, तरी मुसलमान त्या बेटांवर नांदत होते याचा हा दगडी पुरावा. लिपी कूफी, नुक्ते नाहीत. माझी मुलगी बोट हवेत फिरवत अक्षरं जुळवत राहिली आणि सुरुवातीची बिस्मिल्लाह सापडल्यावर खूश झाली. मला मात्र आमच्या खाडीतली ती मुलगी आठवली. तिच्या कबरीवर नावाचा दगडही नाही.

शीड उघडलं

सकाळी साडेआठला म्जार बंदरात पोहोचलो. गोझोला ये-जा करणाऱ्या मोठ्या फेरी बोटी इथेच लागतात. कडेला रंगीत लाकडी 'लुत्सू' होड्या होत्या, पिवळ्या-निळ्या-लाल पट्ट्यांच्या. प्रत्येकीच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले. संकटापासून राखण व्हावी म्हणून डोळे रंगवण्याची ही चाल फार जुनी आहे.

आमची बोट साधारण बारा मीटर लांब, एका डोलकाठीची. बोट चालवणारी बाई पन्नाशीची, गोझोचीच. भावाने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तिने दारू ठेवली नव्हती, लिंबू सरबत ठेवलं होतं. आम्ही बसताच तिने पहिली गोष्ट केली ती अशी. कठड्याला अडकवलेलं नारिंगी तरंगतं कडं काढलं, त्याचा दोर दाखवला आणि माझ्या आठ वर्षांच्या भाच्याच्या हातात दिलं. "कोणी पाण्यात पडलं तर तू मागे उडी मारायची नाहीस. हे फेकायचं आणि बोट दाखवत राहायचं. ज्याला पोहता येत नाही त्यालाही हे जमतं."

मी ते ऐकलं आणि गप्प झाले. त्या दिवशी आमच्या काठावर होडी बांधलेली होती. होडीत दोर होता, रिकामे डबे होते. झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा माणसाला तरंगत ठेवतो. सात-आठ बायकांपैकी एकीलाही सुचलं नाही, कारण कोणी कधी सांगितलंच नव्हतं. समुद्राची विद्या घरात होती, पण ती पुरुषांच्या पेटीत बंद होती.

बंदराबाहेर आल्यावर इंजिन बंद झालं आणि शीड उघडलं. वारा आग्नेयेकडून, हलका. त्या वाऱ्याला तिथे 'श्लोक्क' म्हणतात. मुलगी हसून म्हणाली, "अम्मी, मराठीच्या तासाचा वारा!" खरं म्हणजे त्या शब्दाचं नातं अरबी 'शर्क' म्हणजे पूर्वेशी सांगतात. वारा त्या बाजूचा, म्हणून बेटाच्या उत्तरेला सान्ता मारिया उपसागरात जायचं ठरलं. बेट मध्ये आलं की तिथलं पाणी शांत राहतं. वाऱ्याप्रमाणे बेटाची बाजू निवडायची, हा तिथला साधा नियम.

शिडात वारा भरला तशी बोट एका अंगाला कलली. मी दोन्ही हातांनी कठडा धरला. बाईने समजावलं, की बोटीच्या तळाखाली जड वजनाचा कणा असतो. वारा बोटीला जितका कलवतो, तितकं ते वजन तिला परत सरळ ओढतं. कलणं म्हणजे उलटणं नव्हे. हे मी नववीच्या विज्ञानात शिकवलेल्या मुलांना कितीदा ऐकवलं असेल. स्वतःच्या अंगावर आल्याशिवाय पटत नाही, हेच खरं.

मी तिला विचारलं, "भरती किती वाजता?" ती हसली. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, पाणी वर-खाली होतं ते फार तर वीतभर. भूमध्य समुद्र चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला. मोठ्या महासागराशी त्याची गाठ पडते ती जिब्राल्टरच्या अरुंद तोंडातून, आणि ते तोंड सर्वांत अरुंद जागी १४ किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे दिसते तशी कित्येक फुटांची भरती तिथे उभी राहत नाही. पण लगेच ती म्हणाली, "धोका नाही असं समजू नका. इथे प्रवाह असतात, वारा फिरतो, आणि इतर बोटींचे पंखे असतात. त्यामुळे बोटीपासून दूर जायचं नाही."

तळ दिसत होता

सान्ता मारियात पोहोचल्यावर नांगर टाकण्याआधी ती बराच वेळ पाण्यात वाकून बघत राहिली. तळाशी काळपट पट्टे होते आणि पांढरे पट्टे होते. काळपट म्हणजे पोसिडोनिया. दिसायला गवत, पण हे शेवाळ नव्हे. मुळं, पानं, फुलं असलेली ही वनस्पती फक्त भूमध्य समुद्रातच सापडते. माशांची पिल्लं तिच्यात वाढतात, वाळू तिच्या मुळांनी धरून ठेवली जाते. ती वाढते फार हळू, वर्षाला काही सेंटीमीटर. एका नांगराने उखडलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून नांगर टाकायचा तो पांढऱ्या वाळूवर.

पाणी इतकं स्वच्छ की सात-आठ मीटर खालची नांगराची साखळी कडीन् कडी मोजता यावी. मुलीने विचारलं, आपल्याकडे असं का नाही? उत्तर साधं आहे. माल्टात बारमाही नदी नाही, खडक चुनखडीचा, त्यामुळे गाळ येत नाही. पाण्यात अन्नद्रव्यं कमी, म्हणून सूक्ष्म जीवही कमी, आणि पाणी काचेसारखं. आपल्या कोकणात सह्याद्रीवरून येणाऱ्या नद्या गाळ आणतात, पाणी गढूळ होतं, पण त्याच गाळाबरोबर आलेल्या अन्नावर आपली मासळी पोसते. निळं पाणी डोळ्यांना गोड, गढूळ पाणी ताटाला. नाक मुरडायचं कारण नाही.

आता प्रश्न आला उतरण्याचा. भाभीने पिशवीतून दोन अंगभर पोशाख काढले, डोक्यावरच्या टोपडीसकट. बुर्किनी. साधारण वीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झनेट्टी या लेबनानी वंशाच्या बाईंनी तो तयार केला. एक माझ्या मुलीच्या मापाचा होता. दुसरा माझ्या मापाचा होता, म्हणजे नणंद-भावजयीत हे आधीच ठरलं असावं, फक्त नणंदेला माहीत नव्हतं.

मुलगी माझ्याकडे बघत उभी. मी नाही म्हणणार हे तिला पाठ होतं. मी विचारलं, "जाकीट घालशील?" ती म्हणाली, "घालते." "शिडीजवळच राहशील?" "राहते." मग माझ्याकडे नाही म्हणायला काही उरलं नाही.

बाईने तिला नीट शिकवलं. मुखवट्याची रबरी कड कातडीला चिकटली पाहिजे. टोपडीची किनार किंवा एक केस मध्ये आला तरी पाणी आत शिरतं. त्यामुळे कपडा मागे सारायचा आणि पट्टा टोपडीवरून घ्यायचा. काचेला आतून थुंकी लावून धुवायची, म्हणजे वाफ धरत नाही. नळीतून श्वास तोंडाने, सावकाश. नळीत पाणी गेलं तर जोराने फुंकायचं. घाबरलं तर उताणं व्हायचं, जाकीट बाकीचं बघतं. मग तिने मोजलं, "वीहेद, तनेन, तलीता!" एक, दोन, तीन. आपल्याच मदरशातली गिनती.

पहिली पाच मिनिटं छान गेली. मग एका दुसऱ्या बोटीची लाट आली, नळीचं टोक बुडालं आणि मुलीने पाणी गिळलं. मुखवटा ओढून काढला, हात आपटू लागली. शिडीपासून फार तर चार मीटर असेल. मी कठड्याला धरून उभी होते. माझ्या तोंडून आवाज फुटेना. त्या क्षणी मी काठावरच्या त्या सात-आठ बायकांपैकी एक होते.

भाऊ पाण्यात होता, तो वळला. पण त्याआधी बोटीवरून शांत आवाज आला, "बिल-मोद, बिल-मोद. निफ्स. निफ्स." निफ्स! उर्दूत नफ़स म्हणजे श्वास. ते ऐकलं आणि माझा आवाज परत आला. मी ओरडले, "उताणी हो! श्वास घे, हळू!" ती उताणी झाली. जाकिटाने तिला उचलून धरलं. दोनदा खोकली, आकाशाकडे बघत पडून राहिली. भाच्याने तोवर कडं फेकलं होतं, तेही तिच्या हाताशी आलं. मिनिटभराने ती म्हणाली, "अम्मी, मी ठीक आहे. काच परत लावू का?"

मी तिला वर बोलावणार होते. पण ती घाबरून वर आली असती, तर माझ्यासारखीच आयुष्यभर काठावर राहिली असती. मी म्हटलं, "लाव. मीही येते."

कपडे बदलून शिडीच्या शेवटच्या पायरीवर मी किती वेळ बसले ते भाऊच सांगेल. पाणी गार होतं. भूमध्य समुद्राचं पाणी आपल्यापेक्षा जरा जास्त खारट असतं, त्यामुळे अंग सहज तरंगतं, असं भाऊ म्हणत होता. मी जाकीट घातलं, भाभीचा हात धरला आणि तोंड पाण्यात घातलं.

आधी फक्त माझा श्वास ऐकू आला. मग दिसायला लागलं. खाली पोसिडोनियाची पानं एका दिशेने झुकत होती, परत उठत होती, शेतातल्या भातासारखी. रुपेरी माशांचा थवा, प्रत्येकाच्या शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका. कात्रीसारख्या शेपटीचे छोटे काळपट मासे एका जागी लटकल्यासारखे. हिरव्या-निळ्या पट्ट्यांचा एक मासा खडकाला तोंड लावून चरत होता. माझी सावली वाळूवर पडली होती आणि तिच्याशेजारी माझ्या मुलीची सावली होती. वीस मिनिटं झाल्याचं बाईने हाक मारल्यावर कळलं.

वर आल्यावर तिने लाटेला बोट दाखवून सांगितलं, या लाटांना आम्ही 'मेवज' म्हणतो. मला हसू आलं. अरबीत मौज म्हणजे लाट. तोच शब्द मराठीत आला आणि आनंद झाला.

त्याच समुद्रात

परतताना बेटाला वळसा घालून पश्चिमेकडे गेलो. उंचावर १६१८ मध्ये बांधलेला चौकोनी बुरूज दिसला. चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी तो बांधला होता. खाली प्रसिद्ध ब्लू लगून, फिकट निळ्या पाण्याचा. ऑक्टोबर संपत आला होता तरी किनाऱ्यावर माणसं होती. उन्हाळ्यात इथे इतकी गर्दी होऊ लागली, की २०२५ पासून उतरणाऱ्यांना आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. आम्ही उतरलो नाही.

बोटीवरच न्याहारी झाली. जाड कापांचा पाव, त्याला टोमॅटो चोळून ऑलिव्हचं तेल, वर ट्यूना, ऑलिव्ह आणि केपर नावाच्या आंबट कळ्या. पावाला ते 'होब्स' म्हणतात, म्हणजे आपलं खुब्ज. खाताना भाऊ म्हणाला, "आपा, हाच समुद्र पश्चिमेला लॅम्पेडुसापर्यंत जातो." ३ ऑक्टोबर २०१३ रोजी तिथे आफ्रिकेतून आलेल्या निर्वासितांची बोट बुडाली आणि साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. अनेकांजवळ जाकीट नव्हतं. मी अंगावरच्या ओल्या जाकिटाकडे पाहिलं. आम्ही जिथे मासे बघायला उतरलो, तिथे कोणी मुलांना घेऊन जिवाच्या आकांताने उतरतं. घास जरा वेळ हातातच राहिला.

एक वाजता बंदराला लागलो. धक्क्याच्या एका कोपऱ्यात भावाने चटई अंथरली आणि आम्ही जुहर पढलो. आपण पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे पूर्वेकडे, थोडं दक्षिणेला कलून. एक कोळी जाळं विणत बसला होता. त्याने आपली टोपली बाजूला घेऊन जागा करून दिली.

घरी आल्यावर

कोणी जाणार असेल तर थोडं सांगते. माल्टासाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. पोहण्याचा पोशाख इथूनच न्यावा. 'पस्तित्सी' नावाचे खारे पफ जागोजागी मिळतात, पण पिठात कधी डुकराची चरबी असते, विचारूनच घ्यावेत. पाण्यात जेलीफिश डसला तर चोळू नये, गोड पाण्याने धुऊ नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावं. बोट ठरवताना भाडं विचारण्याआधी जाकिटं किती आहेत ते विचारावं.

पण खरी गोष्ट माल्टाला जाण्याची नाही. परत आल्यावर मी आमच्या गावाजवळच्या शहरातल्या तरणतलावावर गेले आणि बायकांसाठी वेगळी वेळ, बाई शिक्षिका, अशी चौकशी केली. पंधरा जणी आणा, म्हणाले. माझ्या शाळेतल्या तीन शिक्षिका, शेजारणी, दोघी मावसबहिणी अशा सतरा जमल्या. आता दर शनिवार-रविवारी सकाळी सात ते आठ ती वेळ आमची असते. मला अजून नीट हात मारता येत नाहीत. तरंगता मात्र येतं.

अम्मांना सगळं सांगितलं तेव्हा त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी तसबीह खाली ठेवली, नातीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पाण्यात डोळे उघडे ठेवता येतात?" ती म्हणाली, "काच लावली की येतात, दादी... नाही, नानी." एवढं बोलून दोघी हसल्या. मग अम्मा हळूच म्हणाल्या, "तेव्हा आमच्यातल्या एकीला जरी..." पुढे त्या बोलल्या नाहीत.

भगिनींनो, आपली घरं खाडीकाठी आहेत, नदीकाठी आहेत, विहिरी-तलावांजवळ आहेत. पडदा सांभाळून शिकायची सोय मागितली तर मिळते, फक्त मागायला चारजणी एकत्र याव्या लागतात. मुलीला पोहायला शिकवा. ते जमेपर्यंत निदान एवढं शिकवा, की कोणी बुडत असेल तर उडी न मारता दोर फेकायचा, काठी द्यायची, रिकामा डबा फेकायचा. आमच्या काठावर त्या दिवशी हे सगळं होतं.